ठोकळे १२८, अंकस्मरण ७९: नववीतल्या एका मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

इचलकरंजीतलं कुटुंब. वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे बंद पडलेला माग पुन्हा चालू करून देणारे कारागीर. आई घरी शिवणकाम करते. मुलगी अनुदानित मराठी शाळेत. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. गुण, चाचण्या आणि निर्णयांचा क्रम मात्र जसा घडला तसा ठेवला आहे.

आठवीपर्यंत तिचे गुण पन्नास-पंचावन्न टक्क्यांत फिरत होते. प्रगतिपुस्तकात दरवर्षी तोच शेरा: हुशार आहे, पण लेखनात लक्ष नाही. भूमितीच्या आकृत्या नीटस आणि बरोबर, शाब्दिक उदाहरणांची जागा कोरी. मराठीच्या वहीत जोडाक्षरं तुटलेली, वेलांट्या हव्या तशा पडलेल्या. घरचा समज होता, ‘पोरगी आळशी आहे.’

याच पोरीने सातवीत असताना आईचं मशीन दुरुस्त केलं होतं. मशीन टाके सोडत होतं. तिने आधी सुई बदलली आणि चपटी बाजू योग्य दिशेला आहे ना ते पाहिलं. तरी टाके सुटतच राहिले. मग पुढची पट्टी काढून तिने चाक हाताने सावकाश फिरवलं आणि सुई व शटल, म्हणजे खालचा दोरा धरणारा भाग, कुठे भेटतात ते निरखलं. सुई तळाला जाऊन जरा वर येते, त्या क्षणी शटलचं टोक सुईच्या नेढ्याच्या किंचित वरून जायला हवं, तरच दोऱ्याचा फास पकडला जातो. इथे टोक नेढ्याच्याही खालून जात होतं, कारण सुईदांडा सैल होऊन वर सरकला होता. तिने स्क्रू ढिला केला, दांडा थोडा खाली घेतला आणि पुन्हा आवळला. आईने हे सगळ्या गल्लीला सांगितलं. शाळेला सांगावं असं मात्र कुणाच्या मनात आलं नाही, कारण हा अभ्यासाचा भाग आहे असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं.

अडचण कुठून वाढली

मे २०२२ मध्ये, आठवीच्या सुट्टीत, मामाने हौसेने तिची ‘डीएमआयटी’ करून घेतली. दहा बोटांचे ठसे स्कॅन करतात आणि त्यावरून मुलात कोणती बुद्धी किती आहे ते सांगतात. खर्च ६,५०० रुपये. हातात चाळीस-एक पानांचा रंगीत अहवाल आला. त्यात आठ बुद्धिमत्ता आणि प्रत्येकीपुढे टक्केवारी. आंतरव्यक्तिक, म्हणजे माणसांशी वागण्याची, १५.१ टक्के, सर्वांत वर. तार्किक-गणिती ८.९ टक्के, सर्वांत खाली. सल्ला: कॉमर्स, पुढे एचआर किंवा मार्केटिंग.

आठ बुद्धिमत्तांची ही यादी हॉवर्ड गार्डनर यांची. १९८३ मध्ये त्यांनी सात प्रकार मांडले, पुढे निसर्गविषयक हा आठवा जोडला. बोटांच्या ठशांशी त्या मांडणीचा काडीचाही संबंध नाही. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात साधारण दहाव्या ते सतराव्या आठवड्यात उमटतात. डाउन सिंड्रोमसारख्या काही स्थितींत रेषांची ठेवण वेगळी दिसते, हे खरं आहे, आणि त्या आधारावरच या धंद्याची इमारत उभी आहे. पण शंख, चक्र आणि कमानी मोजून मुलगी समीकरण सोडवेल की नाही ते कळत नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे.

अहवालातली आणखी एक खोट कुणाही पालकाला घरबसल्या पकडता येते. आठही टक्क्यांची बेरीज करा, ती शंभर येते. म्हणजे एकीचा वाटा वाढला की दुसरीचा घटणारच. याला मोजमाप म्हणत नाहीत, ही वाटणी झाली. खऱ्या मोजमापात मुलाची तुलना त्याच वयाच्या इतर मुलांशी होते, आणि एखादं मूल सगळ्यांतच वर किंवा सगळ्यांतच खाली असू शकतं. उलट, एका मानसिक कामात बरं असणारं मूल बहुधा इतर कामांतही थोडंफार बरं असतं, हे चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये दाखवलं आणि नंतरच्या मोजण्यांतही ते पुन्हा पुन्हा दिसलं.

नुकसान पैशांपेक्षा मोठं झालं. ‘माझ्यात गणित नाहीच’ हे वाक्य मुलीने उचललं आणि नववीत बीजगणित सोडून दिलं. पहिल्या सत्रात बीजगणितात ४० पैकी ११, भूमितीत २७. ज्या मुलीत गणित नाही, तिला भूमितीत २७ कसे, हा प्रश्न फक्त वर्गशिक्षिकेला पडला. त्यांनीच फेब्रुवारी २०२३ मध्ये पालकांना समुपदेशकाकडे पाठवलं.

तपासणी

आधी डोळे आणि कान. हे टाळून बुद्धीची चाचणी करणं ही नेहमीची चूक आहे. दोन्ही ठीक निघाले.

मग मलिन यांची भारतीय मुलांसाठीची बुद्धिमत्ता मापनश्रेणी, जिला सगळे ‘मिसिक’ म्हणतात. वयोमर्यादा ६ ते १५ वर्षं ११ महिने. मुलगी तेव्हा १४ वर्षं ८ महिन्यांची होती. चाचणी दोन बैठकांत, सकाळच्या वेळी झाली.

शाब्दिक भागात माहिती ८८, आकलन १०२, अंकगणित ८४, साम्य १०४, शब्दसंग्रह ८६, अंकस्मरण (ऐकलेले आकडे लक्षात ठेवून परत सांगणं) ७९. कृतिभागात चित्रपूर्ती ११२, ठोकळ्यांची रचना १२८, वस्तुजोडणी १२१, कोडिंग (ठरलेली चिन्हं झटपट लिहिणं) ८९, भूलभुलैया ११५. शाब्दिक बुद्ध्यांक ९१, कृती ११३, एकूण १०२.

अहवालाच्या पहिल्या पानावर हा १०२ छापला गेला आणि वडिलांनी तेवढाच वाचला. ‘म्हणजे सर्वसाधारण, मॅडम?’ आकडा बरोबर होता, पण या मुलीबद्दल तो काहीच सांगत नव्हता. शंभर ही सरासरी आणि दर १५ गुणांना एक पायरी, हे प्रमाण धरलं तर ठोकळ्यांच्या रचनेत ती जवळजवळ दोन पायऱ्या वर आहे आणि अंकस्मरणात दीड पायरी खाली. एका टोकाला ७९ आणि दुसऱ्याला १२८ असताना सरासरी काढणं म्हणजे एक पाय चुलीत आणि एक बर्फात ठेवलेल्या माणसाला सुखात आहे म्हणणं.

या श्रेणीचे मानदंड, म्हणजे तुलनेसाठी धरलेले मुलांचे गुण, १९६० च्या दशकातले आहेत. पिढीगणिक मुलांचे गुण चढत जातात, हे जेम्स फ्लिन यांच्या कामामुळे माहीत आहे, आणि जुन्या मानदंडांवर आजच्या मुलाचे गुण थोडे फुगून येतात. म्हणून १२८ हा आकडा दगडावरची रेघ समजायचा नाही. दोन टोकांमधली दरी खरी, नेमके आकडे मागेपुढे.

कमी आलेल्यांपैकी या चार गोष्टींकडे पाहा: अंकगणित, कोडिंग, माहिती, अंकस्मरण. वाचनाची अडचण असलेल्या मुलांत हा चौकडा अनेकदा एकत्र दिसतो. तेवढ्यावरून निदान होत नाही, पण तिथे थांबून वाचन तपासलंच पाहिजे. समुपदेशकाच्या हातून इथे उशीर झाला. पहिल्या दोन भेटी ‘अवकाशीय बुद्धी किती छान आहे’ यावर गेल्या. वाचन तिसऱ्या भेटीत, म्हणजे पाच आठवड्यांनी तपासलं. चौथीच्या पुस्तकातला उतारा तिने मिनिटाला ६२ शब्दांच्या वेगाने वाचला, तोही अडखळत. ‘प्रश्न’, ‘उत्कृष्ट’, ‘स्वातंत्र्य’ इथे प्रत्येक वेळी गाडी थांबली. तोच उतारा मोठ्याने वाचून दाखवल्यावर सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिने बरोबर दिली. दहा ओळींचं उत्तर लिहायला २५ मिनिटं लागली.

शाब्दिक उदाहरणं कोरी का राहत, याचा उलगडा इथे झाला. गणित येत नव्हतं असं नाही. उदाहरण वाचून होईपर्यंत त्यातले आकडे डोक्यातून निसटत होते.

शेवटी कामाचा नमुना. त्यासाठी पैसा लागला नाही. समुपदेशकाने एक जुनं कुलूप, एक खिळखिळा पान्हा आणि बॉबिन केसचे सुटे भाग टेबलावर ठेवले, तोंडी सूचना दिल्या आणि चाळीस मिनिटं नुसतं पाहिलं. नोंदी चार गोष्टींच्या: सुरुवात कुठून करते, अडल्यावर काय करते, चूक स्वतः पकडते का, मदत मागते का. पहिल्या तिन्हींत ती भक्कम होती. चौथीत कोरी. बॉबिन केसची स्प्रिंग हरवली होती. ती बारा मिनिटं शोधत राहिली, पण ‘स्प्रिंग कुठे आहे?’ असं विचारलं नाही. ही नोंद अहवालात एका ओळीत आली आणि तिथेच राहून गेली. पुढे ती महागात पडली.

पर्याय

दहावीआधीचा प्रश्न होता सवलतींचा. सरकारी रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्या तपासणीनंतर अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखनात अडचण असण्याचं, प्रमाणपत्र मिळालं. नंबर लागायलाच तीन महिने गेले. त्यानंतर सवलती निवडायच्या होत्या, आणि प्रत्येक सवलत घेतलीच पाहिजे असं नसतं.

तासाला २० मिनिटं जादा वेळ: घेतला. शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष: घेतलं. लेखनिक: नाकारला. भूमितीची आकृती दुसऱ्याच्या हाताने काढून घेणं तिच्या बलस्थानावरच पाणी सोडणं होतं, आणि अनोळखी लेखनिकाला बोलून सांगणं तिला अवघड जाणार होतं.

खरा पेच चौथ्या सवलतीचा. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेता येतं. शाळेने हेच सुचवलं, ‘पास होऊन जाईल.’ आईला ते पटलं होतं. पण फिटर, मशिनिस्टसारख्या आयटीआय ट्रेडना दहावीचं गणित आणि विज्ञान लागतं. जिला पुढे यंत्रांकडेच जायचं आहे, तिच्यासाठी या सवलतीने दार बंद होणार होतं. पास होण्याची घाई असताना हे पुढचं दार कुणाला दिसत नाही, म्हणून सवलतीच्या अर्जावर सही करण्याआधी पुढच्या प्रवेशांच्या अटी वाचायलाच हव्यात. आईने दोन दिवस मागितले, मुलीशी बोलली, आणि गणित ठेवायचं ठरलं. भीती गेली नव्हती. भूमितीतले २७ समोर होते, एवढाच आधार.

दहावीनंतरच्या वाटा चार होत्या. कॉमर्स, बोटांच्या ठशांच्या सल्ल्याप्रमाणे. वाचन-लेखनाचा सगळा भार, बलस्थानाला काही काम नाही. सायन्स आणि कोल्हापुरात जेईईचा क्लास. क्लासचा खर्च झेपणारा नव्हता आणि अभ्यासक्रम जाड इंग्रजी पुस्तकांचा. उरल्या दोन. मेकॅनिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा, किंवा दोन वर्षांची आयटीआय आणि मग थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश.

या दोन वाटांवर घरात सर्वांत जास्त वाद झाला. वडिलांना डिप्लोमा हवा होता, ‘आयटीआय म्हणजे माझ्यासारखंच तेल-ग्रीस.’ त्यामागे मुलीच्या भल्याचीच चिंता होती. मुलीने दोन्ही ठिकाणी एकेक दिवस काढला. पॉलिटेक्निकच्या वर्गात तिने फळ्यावरचं इंग्रजी उतरवून घ्यायचा प्रयत्न केला, अर्धंच झालं. आयटीआयच्या कार्यशाळेत तिला कुणीतरी व्हर्निअर हातात दिला. ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजतो हे कळल्यावर तिने समोरचे सगळे तुकडे मोजून काढले.

काय केलं

एप्रिल २०२३ पासून रोज २० मिनिटं वाचन. जोडाक्षरांचे दहा-दहाचे गट. एक गट सलग तीन दिवस न अडखळता वाचला की पुढचा. त्याहून जास्त वेळ दिला नाही, कारण थकल्यावर चुका पक्क्या होतात.

बीजगणितासाठी वर्गशिक्षिकेने उलटा रस्ता धरला: आधी पट्ट्या काढायच्या, अक्षरं शेवटी. नमुन्यादाखल एक उदाहरण. आईचं आजचं वय मुलीच्या तिप्पट आहे; १२ वर्षांनी ते दुप्पट होईल. मुलीची एक पट्टी, आईच्या तीन. फरक दोन पट्ट्यांचा, आणि वयांतला फरक कधी बदलत नाही. १२ वर्षांनी आई दुप्पट, म्हणजे तेव्हा हाच फरक मुलीच्या तेव्हाच्या वयाइतका: एक पट्टी अधिक १२. दोन पट्ट्या म्हणजे एक पट्टी आणि १२, तर एक पट्टी १२ ची. मुलगी १२, आई ३६. हे तिने दीड मिनिटात केलं. मग त्याच चित्राशेजारी ३क्ष + १२ = २(क्ष + १२) लिहायचं. सुरुवातीचे दोन महिने ती समीकरण लिहायला तयारच नव्हती, उत्तर तर मिळालं म्हणायची. पायऱ्यांना गुण असतात हे जुन्या उत्तरपत्रिका दाखवून पटवावं लागलं.

इथे एक गैरसमज काढला पाहिजे. ‘ती दृश्य पद्धतीने शिकणारी आहे, म्हणून पट्ट्या’ असं हे नव्हतं. मुलांना शिकण्याच्या शैलींच्या खणांत टाकून तसं शिकवल्याने फायदा होतो, याला भरवशाचा पुरावा नाही. पट्ट्या अशासाठी, की डोक्यात धरून ठेवायचे आकडे त्या कागदावर धरतात. अंकस्मरण ७९ असलेल्या मुलीचं ओझं तेवढं कमी होतं. ज्यांचं स्मरण उत्तम आहे अशा मुलांनाही त्या उपयोगी पडतात.

निष्पत्ती

मार्च २०२४ ची दहावी: भूमिती ४० पैकी ३४, बीजगणित २२, अंतर्गत १८. गणितात ७४. सर्वोत्तम पाच विषयांत ५०० पैकी ३२१, म्हणजे ६४.२० टक्के. इंग्रजीत ४६.

ऑगस्टमध्ये फिटर ट्रेडला प्रवेश घेतला. वीस जणांच्या तुकडीत ती एकटी मुलगी. फायलिंगमध्ये, म्हणजे कानशीने घासण्याच्या कामात, ती पहिल्या दोन महिन्यांतच पुढे गेली. थिअरीची परीक्षा संगणकावर आणि बहुपर्यायी असल्यामुळे लांब उत्तरं लिहायचा प्रश्नच उरला नाही. वाचनाचा होता, पण तो आटोक्यात आला होता.

अडलं नोव्हेंबरमध्ये. ड्रिलला धार लावताना दोन्ही ओठ, म्हणजे टोकाच्या कापणाऱ्या कडा, समान लांबीचे हवेत आणि टोकाचा कोन ११८ अंशांचा. तिच्या ड्रिलचे ओठ असमान होत होते, त्यामुळे १० मिलिमीटरच्या ड्रिलने १०.४ चं भोक पडत होतं. दोन आठवडे ती रोज घासत राहिली, दोन ड्रिल वाया घालवले, आणि निदेशकांना एकदाही विचारलं नाही. मुलं हसतील ही भीती. शेवटी तिने तीन दिवस दांडी मारली, तेव्हा घरी कळलं.

कामाच्या नमुन्यातली ती चौथी नोंद हीच. ठशांच्या अहवालात जी ‘आंतरव्यक्तिक’ बुद्धी सर्वांत वर दाखवली होती, तीच प्रत्यक्षात सर्वांत कच्ची निघाली. समुपदेशकाने तिला तीन वाक्यं पाठ करायला लावली: मी हे केलं, असं झालं, मला हे पाहायचं आहे. ‘सर, मी दोन्ही बाजू सारख्या घासल्या, भोक मोठं पडतंय, तुमचा हात कसा असतो ते पाहायचं आहे.’ आधी घरी वडिलांसमोर तालीम, मग कार्यशाळेत, सकाळी इतर मुलं यायच्या आधी. निदेशकांनी ड्रिल गेज, म्हणजे ओठ आणि कोन तपासायचं माप, दाखवला आणि प्रश्न पाच मिनिटांत सुटला. एका प्रसंगाने सवय लागत नाही; वर्षभर दर आठवड्याला एक प्रश्न विचारून वहीत नोंद करायची, असं ठरलं. पहिल्या वर्षाच्या उरलेल्या आठवड्यांपैकी ३१ आठवड्यांत नोंद आहे. पहिलं वर्ष ती उत्तीर्ण झाली.

वेगळं काय करता आलं असतं

वाचनाची तपासणी चौथीतच व्हायला हवी होती. एक उतारा, एक घड्याळ आणि पाच मिनिटं एवढाच तिचा खर्च. तेव्हा न झालेल्या या पाच मिनिटांमुळे मुलगी सहा वर्षं आळशी म्हणून जगली, आणि याची सल पालकांपेक्षा शाळेला असायला हवी.

कामाचा नमुना सर्वांत शेवटी न घेता सर्वांत आधी घ्यायला हवा होता. त्याच्या चारही नोंदींवर योजना आखायला हवी होती, फक्त गोड वाटणाऱ्या तिघींवर नाही. मदत मागण्याचा सराव दहावीच्या वर्षातच सुरू झाला असता, तर नोव्हेंबरचे दोन आठवडे वाचले असते.

आयटीआयचा निर्णय बरोबर होता का? सांगणं कठीण आहे. कार्यशाळेतली तिची वाढ पाहता हो वाटतं. पण तेव्हा पॉलिटेक्निकच्या एका दिवसावरून, तेही इंग्रजी उतरवून घेण्याच्या एकाच कामावरून, डिप्लोमा बाजूला पडला. फळ्याचा फोटो घेता येतो का, नोट्स आधी मिळतात का, हे कुणी विचारलं नाही. गणितात ७४ मिळवणाऱ्या मुलीसाठी ते विचारणं गरजेचं होतं. घरी पैशांची ओढाताण होती, ती चर्चेत उघडपणे आली असती तर निर्णय कदाचित तोच झाला असता, पण डोळसपणे.

आता दुसरं वर्ष चालू आहे. जून २०२६ मध्ये तिला १८ पूर्ण होतात. तेव्हा अध्ययन अक्षमतेची तपासणी पुन्हा करावी लागेल, आणि नेमका तोच काळ दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेचा आणि थेट दुसऱ्या वर्षाच्या डिप्लोमा अर्जाचा आहे. मागच्या वेळी नंबर लागायला तीन महिने गेले होते, म्हणून या वेळी मार्चमध्येच रुग्णालयात नाव घालायचं ठरलं आहे. नाव घालायला ती स्वतः जाणार आहे, आणि खिडकीवर काय विचारायचं ते तिने वहीत लिहून ठेवलं आहे.